चव घेणं म्हणजे काय? क्राफ्ट बिअर, मोहाची दारू आणि आपली रुची

(किनवट इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फलकावर वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर, आणि बोलणार काय तर बिअरवर! म्हणून आधीच सांगून टाकतो, मी इथं कुणाला प्या म्हणायला आलेलो नाही आणि पिऊ नका म्हणायलाही आलेलो नाही. ती दोन्ही व्याख्यानं आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. मराठी माणसाच्या मनात दारू म्हटलं की एक तर १९१९ साली रंगभूमीवर आलेलं गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ उभं राहतं, म्हणजे संसाराची राखरांगोळी, नाहीतर मग मित्रांची मैफल आणि चेष्टामस्करी. या दोन्हींत पेल्यात नेमकं काय आहे, ते कशाचं केलंय, कुणी केलंय, त्याची चव कशी आहे, हे कुणी विचारत नाही.

मला तेवढंच विचारायचं आहे. चव घेणं म्हणजे काय? आणि एका पेयाची आपण डोळे मिटून चव घेतो, दुसऱ्याचा नुसता वास आला तरी नाक मुरडतो, हे कशावरून ठरतं? हा प्रश्न पुण्यामुंबईतही विचारता येईल. पण किनवटला तो जास्त टोचतो. का ते पुढं कळेल.

बिअर म्हणजे काय?

ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं दम धरा. बिअर म्हणजे धान्याचं आंबवलेलं पाणी. बहुतेक वेळा धान्य जव, म्हणजे सातू. जव भिजवायचे, त्यांना मोड येऊ द्यायचे, मग ते सुकवायचे, हवे तर भाजायचे. याला माल्ट म्हणतात. मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर करणारे पदार्थ तयार झालेले असतात. आपल्या घरी नाचणीला मोड आणून सत्त्व काढतात, तिथंही हेच घडतं. हे माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं की गोड पाणी निघतं. ते उकळायचं, उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालायची. ही फुलं कडू असतात, त्यांनी चवही येते आणि पेय टिकतंही. मग गार करून यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी देतं, अल्कोहोल आणि वायू. झाली बिअर.

इथं एक मजेची गोष्ट आहे. १५१६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात कायदा झाला की बिअरमध्ये फक्त पाणी, जव आणि हॉप्स असावेत. यीस्टचं नावच नाही! कारण यीस्ट म्हणून काही जिवंत वस्तू हे काम करते, याची कायदा करणाऱ्यांना कल्पना नव्हती. ते पुढं लुई पाश्चरनं दाखवलं, आणि १८७६ मध्ये त्यानं बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे जो कर्ता होता, तो साडेतीनशे वर्षं कागदावर नव्हता. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

आणि हे सगळं युरोपातून आलं असंही समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्या प्रकरणात मोजमापासह कृती दिल्या आहेत. मेदक नावाचं पेय बघा : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. ही तांदळाची बिअरच. किण्व म्हणजे विरजण. ते उडीद आणि तांदूळ यांच्यापासून करायचं, सोबत काही वनस्पती. उडीद-तांदूळ म्हटल्यावर तुम्हाला इडलीचं पीठ आठवलं असेल, तर बरोबरच आठवलं. आज शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुलं ‘किण्वन’ शिकतात, तो शब्द या किण्वावरून आला. (किनवट आणि किण्व, नाव जुळतं म्हणून लगेच नातं जोडू नका बरं का.)

त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे. उत्सव, मेळे, यात्रा असतील तेव्हा चार दिवस सुरा करायची मोकळीक द्यावी. म्हणजे परवाना आणि सूट, दोन्ही गोष्टी तेव्हापासून आहेत.

आता ‘क्राफ्ट’. क्राफ्ट म्हणजे हातकसब. मोठा कारखाना लाखो बाटल्या एकाच चवीच्या काढतो. त्याचं कौशल्य सारखेपणात. छोटी ब्रुअरी थोडी बिअर करते, वेगवेगळ्या तऱ्हा करते, आणि करणारा माणूस तुमच्यासमोर उभा असतो. महाराष्ट्रात ही लाट २००९ साली पुण्यात सुरू झाली, ‘डूलाली’ नावाच्या मायक्रोब्रुअरीपासून. हे नाव ऐकायला विलायती वाटतं, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथं बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे, आणि त्यातले काही भ्रमिष्ट व्हायचे. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणायची पद्धत तिथून पडली. देवळाली विलायतेला जाऊन वेडी झाली आणि बिअर होऊन परत आली.

मराठवाड्यालाही बिअर नवी नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत मोठमोठे बिअरचे कारखाने आहेत. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, आणि धुणं, गार करणं यात त्याहून किती तरी जास्त जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितली होती. पेल्यात काय आहे हे विचारायचं म्हटलं की पहिलं उत्तर पाणी येतं, आणि ते पाणी कुणाचं, हा प्रश्न पाठोपाठ येतो.

चार छोटे पेले

काही दिवसांपूर्वी पुण्याकडच्या एका छोट्या ब्रुअरीत मला एका जुन्या विद्यार्थ्यानं नेलं. तिथं पद्धत अशी की एका लाकडी फळीवर चार छोटे पेले ठेवतात. प्रत्येकात चार-सहा घोट. सगळ्या तऱ्हा चाखून बघा आणि मग ठरवा.

पहिली होती गव्हाची, जर्मन धाटणीची. रंग गढूळ, ताकाच्या निवळीसारखा पिवळसर. नाकाशी नेली तर केळं आणि लवंग. मी विचारलं, यात केळं घालता का? तो करणारा मुलगा हसला. म्हणाला, सर, ना केळं, ना लवंग, हे सगळं यीस्टचं काम. आंबवताना त्या जातीचं यीस्ट असेच वास तयार करतं.

दुसरीही गव्हाचीच, पण बेल्जियमच्या पद्धतीची. हिच्यात खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. म्हणजे आपल्या फोडणीच्या डब्यातलीच वस्तू.

तिसरी कडू, हॉप्सची. तिला इंडिया पेल एल म्हणतात. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बिअरशी हे नाव जोडलेलं आहे. पहिल्या घोटाला कारल्यासारखी वाटली, तिसऱ्या घोटाला त्या कडूमागं संत्र्याचा, गवताचा वास सापडला.

चौथी काळी, स्टाउट. तिथला मुलगा कॉफी, चॉकलेट असं काही सांगत होता. मला मात्र तव्यावर जरा जास्त राहिलेल्या ज्वारीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा आठवला. त्याला तसं सांगितलं. तो थोडा थांबला, परत एक घोट घेतला आणि म्हणाला, बरोबर आहे सर, जव भाजलेलेच आहेत.

हा प्रसंग मी सांगतोय तो एवढ्यासाठी. आपल्याकडे चवीचे शब्द कमी आहेत असं आपल्याला वाटतं. म्हणून बिअर, वाइन यांबद्दल बोलताना आपण इंग्रजीत शिरतो. पण बघा : गुळचट, आंबूस, तुरट, कडसर, खारट, पाणचट, मिळमिळीत, उग्र, खरपूस, खमंग, करपट, खवट, कुबट. हे सगळे शब्द चुलीपाशी तयार झाले. आमटी चाखून ‘काहीतरी कमी आहे’ म्हणणाऱ्या बायकांनी ते भाषेला दिले. आयुर्वेदानं सहा रस सांगितले, त्यातला ‘कटु’ म्हणजे आपला तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपला कडू. त्या हिशेबानं बिअर हे तिक्त रसाचं पेय. शब्द भरपूर आहेत, आपण ते पेल्याला लावत नाही एवढंच.

चव शिकता येते का?

आता माझ्या विषयाकडे येतो. आपण सहज म्हणतो, ‘ज्याची त्याची आवड.’ हे खरं आहे का?

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७९० च्या ग्रंथात नेमकं मद्याचंच उदाहरण घेतलं. त्याचं म्हणणं, कॅनरी बेटांची वाइन छान आहे असं कुणी म्हणालं तर त्यानं ‘मला’ छान वाटते असं म्हणावं. जिभेला जे रुचतं ते ज्याचं त्याच्यापुरतं. त्यावर वाद घालू नये.

स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम मात्र आधीच, १७५७ साली, वेगळं सांगून गेला होता. त्यानं ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली. सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण जरा लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, चामड्याची वादी बांधलेली.

ह्यूमचा मुद्दा असा की आवड वेगळी असू शकते, पण पेल्यात काय आहे हे ओळखण्यात काही जण खरोखरच जास्त बरोबर असतात. त्यासाठी काय लागतं? जीभ नाजूक हवी, सवय हवी, अनेक गोष्टींशी तुलना केलेली हवी, डोकं ठिकाणावर हवं आणि मन पूर्वग्रहापासून मोकळं हवं.

आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस समजावताना जेवणाचाच दाखला दिला. नाना व्यंजनांनी युक्त अन्न जेवताना प्रसन्न मनाचा माणूस जसे रस आस्वादतो, तसा प्रेक्षक नाटकातले भाव आस्वादतो. ‘प्रसन्न मनाचा’ ही अट ध्यानात घ्या. नुसतं गिळणाऱ्याला आस्वाद नाही. मराठी समीक्षेत आपण कवितेचा ‘आस्वाद’ घेतो, नाटकाची ‘अभिरुची’ म्हणतो. हे सारे शब्द जिभेवरून वर चढलेले आहेत.

म्हणून आस्वाद आणि नशा यांत फरक करायला हवा. चव घ्यायला शुद्ध लागते. वाइनचे परीक्षक तर चाखून घोट थुंकून टाकतात, कारण प्यायला लागलं की दहाव्या पेल्याला जीभ खोटं बोलायला लागते. ज्याला थांबता येत नाही त्याला चवही कळत नाही. दारूच्या व्यसनात पहिल्यांदा काय जातं, तर चव जाते. त्या माणसाला काय पितोय याच्याशी देणंघेणं उरत नाही.

नावडतीचं मीठ अळणी

पण ह्यूमची शेवटची अट, पूर्वग्रह नसावा, ही फार अवघड आहे. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढऱ्या वाइनचं वर्णन करायला लावलं. मग त्याच पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिली. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाला लाल वाइनचे शब्द लावले. नाकाआधी डोळ्यानं निकाल दिला होता.

आपल्या आज्यांना यासाठी प्रयोग लागला नाही. त्यांनी तीन शब्दांत सांगून ठेवलं, नावडतीचं मीठ अळणी. मीठ तेच, प्रमाण तेच. पण वाढणारी नावडती.

पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मोठा ग्रंथ लिहून हेच समाजाला लावलं. आपली अभिरुची ही आपल्या वर्गाची खूण असते. वरचा वर्ग काय खातो-पितो, याला ‘रुची’ म्हणतात, खालच्याला ‘सवय’. आपल्याकडे वर्गाबरोबर जातही आली.

आणि इथं मी किनवटला पोहोचतो.

आपल्या जंगलातली भट्टी

चैत्राच्या आसपास आपल्या जंगलात मोहाची फुलं पडतात. पहाटे पडतात. गोंड, कोलाम, आंध बायका आणि पोरं टोपल्या घेऊन अंधार असतानाच निघतात, कारण ऊन चढायच्या आत आणि गुरं पोहोचायच्या आत वेचायचं असतं. फूल मांसल, पिवळट पांढरं, रसानं भरलेलं. वाळवलं की मनुक्यासारखं होतं. सीमेपलीकडं तेलुगूत याला इप्पपुव्वु म्हणतात. ही फुलं आधी अन्न आहेत. भाजून खातात, शिजवून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यांच्यावर घरं तगली. फळाच्या बियांचं तेल निघतं. आणि दारूही निघते. गोंडांच्या देवकार्यात, पितरांच्या कार्यात तिचे थेंब आधी जमिनीवर पडतात, मग माणसाला मिळतात.

करतात कशी? वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत ती फसफसायला लागतात. यीस्ट हवेतून आणि फुलावरूनच येतं. इथपर्यंत बिअर आणि मोह सख्खी भावंडं. पुढं वाटा वेगळ्या होतात. हे आंबवण चुलीवर चढवतात, वाफ धरतात, वर गार पाण्याचं भांडं ठेवून ती थंड करतात आणि थेंब थेंब गोळा करतात. म्हणून मोहाची बिअरपेक्षा पुष्कळ कडक असते. हा फरक लपवायचं कारण नाही.

मी मोह एका गुड्यावर चाखला आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण उघड आहे. वास फुलाचा, थोडा उग्र, चव मागून गुळचट येते आणि शेवटी किंचित धूर. तिथली म्हातारी फुलांच्या आंबवणाचा नुसता वास घेऊन सांगत होती, आज नाही, उद्या सकाळी चढवू. ह्यूमनं मागितलेली सवय, तुलना, नाजूक नाक, तिच्यापाशी सगळं होतं. पुण्याच्या त्या ब्रुअरीतला मुलगा हेच काम तापमापक आणि काचेच्या नळीनं करतो. दोघंही यीस्टची वाट बघणारे. त्याला आपण ब्रूमास्टर म्हणतो. तिला काय म्हणतो? पंचनाम्यात तिचं नाव ‘आरोपी’ असतं.

एकाच्या भांड्याला क्राफ्ट, दुसरीच्या भांड्याला हातभट्टी. शब्दांकडे बघा जरा. क्राफ्ट म्हणजे हातकसब. हातभट्टीतही ‘हात’ आहेच! तोच हात, पण एका शब्दात तो कौतुकाचा होतो आणि दुसऱ्यात गुन्ह्याचा. आणि गंमत म्हणजे भाषेला दुसऱ्या हाताचा गुण माहीत आहे. अस्सल, कसदार गोष्टीला आपण ‘पहिल्या धारेची’ म्हणतो. पहिल्या धारेचा विनोद, पहिल्या धारेचं लेखन. हा वाक्प्रचार भट्टीवरूनच उचललेला आहे. उपमा घेतली, उपमा देणारीला बाहेर उभं केलं.

गुत्ता

हे नैतिकतेमुळं झालं असं आपल्याला वाटतं. इतिहास जरा वेगळं सांगतो. मुंबई इलाख्यात १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. दारू नव्हे, फुलं! घरोघरी दारू निघाली तर सरकारमान्य दारूचा महसूल बुडणार, ही त्यामागची चिंता होती.

आपला किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. इथं अबकारीचे ठेके दिले जायचे. ठेक्याला आपल्याकडे शब्द आहे ‘गुत्ता’. रस्त्याचं काम घेणारा अजूनही गुत्तेदारच. आणि दारूच्या दुकानाला अख्खा महाराष्ट्र काय म्हणतो? दारूचा गुत्ता. मूळ अर्थ मक्ता. ज्यानं सरकारला पैसे भरले त्याची दारू कायदेशीर, ज्यानं घरी काढली त्याची चोरटी.

पुढं स्वतंत्र भारतात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिलं. आदिवासींना मोहफुलं गोळा करायला आणि बाळगायला मोकळीक देण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला तो २०२१ मध्ये. म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल उचलणं निर्धास्त व्हायला सव्वाशेच्या वर वर्षं गेली. बव्हेरियाच्या कायद्यात यीस्टचं नाव नव्हतं म्हटलं ना, तसंच इथं. ज्यांनी ही विद्या सांभाळली, त्यांची नोंद कर्ते म्हणून कुठंच नाही.

आडवी बाटली

आता तुमच्यापैकी काही जणी म्हणत असतील, सर, तुम्ही मोहाचं कौतुक करताय, रात्री आमच्या दारात येऊन बघा. बरोबर आहे. हे न बोलता उठलो तर हे व्याख्यान आरामखुर्चीतलं ठरेल.

गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. राज्यातल्या कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं असं वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं तर आडवीवर. ज्या बाईनं आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तिला चवीवर प्रवचन द्यायचा मला अधिकार नाही. गोष्ट आणखी गुंतलेली अशी की बऱ्याच ठिकाणी दारू काढणारीही बाईच असते आणि मार खाणारीही बाईच.

दुसरी गोष्ट विषाची. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं मेली. ‘गावठी’ या एकाच शब्दात आपण मोहाची फुलं आणि हे विष दोन्ही कोंबतो. चोरून विकायचं म्हटलं की घाईनं, नवसागर टाकून, काहीही मिसळून केलेला माल बाजारात येतो, आणि विकणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. क्राफ्ट ब्रुअरीत मी त्या मुलाला विचारू शकलो की यात काय आहे. हा विचारता येण्याचा हक्क मोठा आहे. हातभट्टीच्या गिऱ्हाइकाला तो नाही.

बाटलीत गेलेला मोह

गेल्या काही वर्षांत मोहाचं नशीब पालटतंय. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढं तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता मिळाली. गोव्यातल्याच एका उत्पादकानं २०१८ मध्ये मोहाची दारू महागड्या बाटलीत आणली. मध्य प्रदेशनं आदिवासी बचत गटांना परवाने देऊन अलीराजपूर आणि दिंडोरी भागांत ‘वारसा मदिरा’ सुरू केली. म्हणजे नावडतीचं मीठ आता खारट लागायला लागलंय.

आनंदाची गोष्ट आहे, पण मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून विचारतो. बाटलीवर फुलाचं चित्र असेल, पैसा कुणाकडं जाईल? पहाटे वेचणाऱ्या बाईनं फुलं किलोवर विकायची आणि तिच्या आजीची विद्या शहरातल्या बारमध्ये गोष्ट म्हणून विकली जायची, असं झालं तर पूर्वीच्या गुत्तेदाराच्या जागी नवा गुत्तेदार आला एवढंच. मध्य प्रदेशानं निदान परवाना बचत गटाच्या हातात दिला, ते मला जास्त बरं वाटतं.

मग ठरवायचं कुणी? १९९६ चा पेसा कायदा आहे. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यांना तो लागू आहे. या कायद्यात ग्रामसभेला दोन गोष्टी एकत्र दिल्या आहेत. एक, गौण वनोपजाची मालकी, म्हणजे मोहफूल तुमचं. दुसरी, मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार, म्हणजे दारूही तुमच्या ताब्यात. काढायची का, किती, कशी, सणाला की बाजाराला, की अजिबात नाही, हे त्या गावानं ठरवायचं. ज्या सभेत ती वासावरून आंबवण ओळखणारी म्हातारी बसेल आणि जिचा नवरा पिऊन येतो तीही बसेल, त्या सभेला दोन्ही बाजू माहीत असतात. मुंबईतल्या टेबलाला एकच बाजू माहीत असते, आणि ती बहुधा महसुलाची.

तेव्हा चव घेणं म्हणजे समोर काय आहे ते शुद्धीत राहून ओळखणं, ते कुणी केलं हे विचारणं आणि वेळेला थांबणं. हे बिअरला लागू आहे, मोहाला लागू आहे, आणि जो पीत नाही त्याच्या ताटातल्या भाकरीलाही लागू आहे.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, खरं सांगा, चारांतली कुठली आवडली?

उत्तर : धन्याची. पण ते माझ्यापुरतं, तिथं मी कांटच्या बाजूचा! काळ्या बिअरमध्ये भाजलेला जव आहे हे मात्र माझ्यापुरतं नाही, ते आहेच.

प्रश्न (एका ताईंचा) : तुम्ही ग्रामसभा म्हणता, पण ग्रामसभेत बाया बोलत नाहीत. पुरुषच ठरवतात. मग?

उत्तर : ताई, माझ्या सगळ्या मांडणीतली सगळ्यात कच्ची वीट तुम्ही बरोबर दाखवलीत. कायद्यानं अधिकार दिला म्हणून आवाज मिळतोच असं नाही. आडव्या बाटलीच्या मतदानात गुप्त मत आहे आणि ते बायकांचं आहे, म्हणून ते चाललं. मोहाचा निर्णयही तसाच व्हावा. आधी बायकांची वेगळी बैठक, मग गुप्त मत, आणि मग ग्रामसभा. बायका नको म्हणाल्या तर भट्टी विझवायची, मग तिला कितीही मोठ्या वारशाचं नाव असो. हे तुमच्या गावात करून बघा आणि कसं झालं ते मला कळवा. पुढच्या वर्षी इथं तुम्ही बोला, मी तिकडं खाली बसतो.